धागा: शिवसागर ओलांडून शाळेपर्यंत नेट. ११ किलोमीटरचा डिश-टू-डिश दुवा टिकेल का?

सडावाला | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

माझं मूळ गाव कांदाटी खोऱ्यात, कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडे. नाव मुद्दाम लिहीत नाही, आधीच घरं थोडी, लगेच ओळखू येईल. तापोळ्याहून लाँचने जायचं आणि पुढे चढ. मोबाइलची रेंज गावात एकाच कातळावर येते, तीही वारा कुठून वाहतो यावर असल्यासारखी. त्या कातळाला पोरं "टॉवर" म्हणतात. शाळेत दोन शिक्षक, जेमतेम वीसेक मुलं.

गेल्या दिवाळीत गुरुजी म्हणाले, "नेटचं बघ काहीतरी, तू पुण्यात कंपूटरात आहेस ना?" तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. अलीकडच्या काठाला, तापोळ्याच्या वरच्या अंगाला एका मित्राचं कृषी पर्यटन आहे, त्याच्याकडे फायबर आलंय. त्याच्या माळावरून आमचा सडा, म्हणजे डोंगरावरचा कातळाचा माळ, स्वच्छ दिसतो. नकाशावर मोजलं तर हवेतून ११ किलोमीटर. रस्त्याने आणि लाँचने अर्धा दिवस.

प्रश्न असा: ५ गिगाहर्ट्झच्या दोन डिश समोरासमोर लावून हा दुवा चालेल का? कोणी केलंय का? खर्च मी आणि मुंबईकर गावकरी मिळून करू. मला चालू होण्यापेक्षा टिकण्याची काळजी आहे.

---

ठोंब्या | सोमवार, रात्री ९.५२

११ किलोमीटर?? आमच्याकडे हॉलमधला राउटर स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही, बायको रोज शिव्या घालते.

---

बिनतारी | सोमवार, रात्री १०.१५

ठोंब्याभाऊ, तुमच्या स्वयंपाकघराच्या मध्ये भिंत आहे आणि बहुतेक फ्रिजही. यांच्या मध्ये नुसती हवा आहे. व्हेनेझुएलात एर्मानो पिएत्रोसेमोली यांनी २००७ साली अँडीजच्या दोन शिखरांमध्ये साध्या वायफायच्या उपकरणांवर ३८२ किलोमीटर गाठले होते. समोरचं नीट दिसत असेल तर ११ म्हणजे अंगणातलं अंतर.

सडावाला, हिशेब मांडून देतो. ५.८ गिगाहर्ट्झला ११ किमीवर वाटेत साधारण १२८.५ डेसिबल गळती. आपल्याकडे त्या पट्ट्यात डिशसकट बाहेर पडणारी ताकद ३६ डीबीएम, म्हणजे ४ वॅटपर्यंत विनापरवाना चालते. पलीकडे सिग्नल २५ डेसिबलने वाढवणारी डिश धरली तर हाती येतात उणे ६७-६८ डीबीएम. हे उत्तम आहे. मुलांच्या व्हिडिओला पुरून उरेल.

एक गोष्ट लोक विसरतात. मोठी डिश लावली की आवाज वाढवता येतो असं नाही. मर्यादा एकूण ताकदीवर आहे, त्यामुळे डिश मोठी केली की रेडिओची पॉवर कमी करावी लागते. फायदा होतो तो ऐकण्यात. डिश हा कान समजा.

दुसरं, नुसतं "दिसतंय" पुरत नाही. मधोमध रेषेच्या भोवती सुमारे १२ मीटर त्रिज्येचा फुगवटा असतो, फ्रेनेल झोन म्हणतात. त्यातला निदान ६० टक्के, म्हणजे ७ मीटर, झाडाझुडपांपासून मोकळा हवा. पृथ्वीचा बाक इतक्या अंतराला पावणेदोन मीटरच, तो सोडून द्या.

---

काडीवाला | सोमवार, रात्री १०.३१

काडी टाकून जातो. हे सगळं कशाला? उपग्रहाची छत्री ठेवली छपरावर की झालं. २०२५ साली परवानेही मिळाले की. शिवाय भारतनेट आहे, अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबर द्यायची योजना २०११ पासून चाललीय. तुम्ही अजून डोंगरावर पाइप रोवताय. आणि वीस मुलांना नेट देऊन काय, रील्स बघणार.

---

खडूफळा | सोमवार, रात्री ११.०५

काडीवाला, जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा वर्षं काढली त्यातली सहा अशाच एका टोकाच्या गावात. मुलांचं नंतर बोलू, आधी मास्तरांचं ऐका. यू-डायसच्या सरकारी पोर्टलवर शाळेची माहिती भरा, पोषण आहाराची नोंद रोजच्या रोज करा, हजेरी ऑनलाइन, शिष्यवृत्तीचे फॉर्म, वर गटशिक्षणाधिकाऱ्यांचा मेसेज "आज ४ वाजेपर्यंत लिंक भरावी". लिंक कुठून भरू? मी शनिवारी शाळा सुटली की दोन तास चालत खाली उतरायचो आणि एसटी स्टँडवरच्या टपरीत चहा घेत आठवड्याची खिचडी त्या एका दिवसात "शिजवायचो". एकदा नोंद राहिली म्हणून नोटीस आली. खिचडी मुलांनी खाल्ली होती, पोर्टलने नव्हती.

रील्स बघतील म्हणे. बघू देत थोडं. तुमची नाही बघत?

---

ठोंब्या | सोमवार, रात्री ११.०९

"खिचडी मुलांनी खाल्ली होती, पोर्टलने नव्हती". हसून हसून पुरेवाट. आणि रडूही आलं.

---

निवृत्त तारवाला | मंगळवार, सकाळी ६.२०

बिनतारी यांचे गणित बरोबर आहे, पण ते तळे विसरले.

मी दूरसंचार खात्यात मायक्रोवेव्हवर ३१ वर्षे काढली. सिग्नल पुढे ढकलणाऱ्या सह्याद्रीतल्या बऱ्याच रिपीटर केंद्रांवर मुक्काम केलाय. पाण्यावरून जाणारा दुवा हा सगळ्यात दिसायला देखणा आणि वागायला नाठाळ. कारण सांगतो.

तुमचा सिग्नल दोन वाटांनी पोचतो. एक सरळ, दुसरी पाण्यावर आपटून. संथ पाणी म्हणजे आरसाच. दोन्ही लाटा एका तालात आल्या तर बेरीज, उलट्या तालात आल्या तर वजाबाकी. जमिनीवर हे ठरलेले असते, एकदा जागा साधली की साधली. पण कोयनेचे पाणी वर्षभर एका पातळीला राहते का? १०५ टीएमसीचे धरण, सप्टेंबरात काठोकाठ, मे अखेरीस कुठे ते गावकऱ्यांना विचारा. म्हणजे आरसा खाली-वर होत राहणार.

काल रात्री वहीत मांडून पाहिले. एक टोक पाण्यापासून १५० मीटर वर आणि दुसरे १०० मीटर धरले, तर पाणी सुमारे १.१५ मीटर उतरले की चांगल्यापासून वाईट आणि परत चांगले असे एक पूर्ण आवर्तन होते. तुम्ही दिवाळीत जाऊन दुवा जोडाल, झकास चालेल, पेढे वाटाल. पंधरा दिवसांनी मास्तरांचा निरोप येईल, "बंद पडले". तुम्ही धावत जाल तोवर पाणी आणखी उतरून ते आपोआप चालू झालेले असेल. असे भूत मी खाडीवरच्या एका दुव्यावर सात महिने शोधत होतो. आमचे साहेब केबल बदला म्हणत. तीनदा बदलली. शेवटी भरती-ओहोटीचे वेळापत्रक समोर ठेवले तेव्हा उलगडा झाला.

उपाय दोन. पैसे असतील तर एका टोकाला दोन डिश, एकीच्या मीटरभर खाली दुसरी. एकीचा सिग्नल खड्ड्यात असतो तेव्हा दुसरीचा उंचवट्यावर. आम्ही हेच करत असू.

फुकटातला उपाय मला जास्त आवडतो. डिश कड्याच्या टोकावर लावू नका. हौशी लोक तिथेच लावतात, कारण तिथून सगळे दिसते. सगळे दिसणे हाच घोटाळा आहे. दीड-दोनशे मीटर मागे सरका, अशा जागी की माळाच्या धारेमुळे पाणी दिसेनासे होईल पण पलीकडचा सडा दिसत राहील. मग आरशातली लाट धारेवर अडते. मात्र सरळ रेषा त्या धारेच्या दोनेक मीटर वरून गेली पाहिजे, अगदी चाटून नको.

---

बिनतारी | मंगळवार, सकाळी ८.०२

काका, साष्टांग. पाणी खरंच विसरलो होतो. वाचनखूण साठवली आहे. पण हौशी म्हणून आम्हाला टोमणा मारलात तो पोचला बरं का. 😄

---

कुलाब्याची मावशी | मंगळवार, सकाळी ९.१८

अवांतर, पण तारवाला काकांच्या पोस्टवरून आठवलं. आम्ही लहानपणी मुंबईत गच्चीवर अँटेना फिरवून कराचीचा पीटीव्ही बघायचो. उन्हाळ्यात हवा स्वच्छ असली की यायचा, पावसाळ्यात गायब. त्यांच्या मालिका काय सुंदर असायच्या! बाबा वर काठी घेऊन उभे, आई खालून "आलं आलं... गेलं!" हे कसं व्हायचं? इथे ११ किलोमीटरला एवढी गणितं आणि तिथे कराची?

---

निवृत्त तारवाला | मंगळवार, सकाळी ९.४०

मावशी, समुद्रावर थंड दमट हवेवर गरम कोरडी हवा बसली की मधे बोगदा तयार होतो. लाट वर निसटत नाही, पृथ्वीच्या बाकाबरोबर वाकत जाते. पाऊस आला की हवा ढवळली जाते आणि बोगदा मोडतो. तुमच्या बाबांना फुकट मालिका मिळाल्या, आम्हाला त्याच काळात किनाऱ्यावरच्या दुव्यांत नको ते पाहुणे मिळायचे.

---

डोळेवाली | मंगळवार, दुपारी १.३०

टिकण्याबद्दल विचारलंय म्हणून लिहिते. मी दृष्टितपासनीस, काही वर्षं तमिळनाडूत होते. तिथे अरविंद नेत्र रुग्णालयाच्या थेनीच्या केंद्राने आसपासच्या छोट्या गावांत दृष्टिकेंद्रं काढली आणि ती अशाच लांब पल्ल्याच्या वायफायने जोडली. बर्कलीच्या विद्यापीठातली मंडळी त्यात होती. गावातल्या केंद्रात प्रशिक्षित मुलगी तपासणी करते, पेशंट कॅमेऱ्यासमोर बसतो, थेनीतले डॉक्टर त्याच्याशी दोन मिनिटं बोलतात. "ऑपरेशन करावं लागेल, या" किंवा "चष्मा पुरे". आजीबाईंचा एक दिवसाचा रोजगार आणि बसभाडं वाचतं. डॉक्टर आपल्याशी बोलले, याचं समाधान वेगळंच.

तिथल्या जुन्या तंत्रज्ञांकडून एक गोष्ट वारंवार ऐकली आणि त्या संशोधकांनी पुढे लिहिलीही आहे: रेडिओमुळे दुवे फार कमी पडतात, विजेमुळे पडतात. व्होल्टेज वरखाली, लाइट गेली की आली की फटका, अडॅप्टर जळतो. आणि दुसरं म्हणजे बंद पडलंय हे लांबच्या माणसाला कळतं पण का ते कळत नाही. गावातलं कोणीतरी "हिरवा दिवा लागलाय का, केसरी लागलाय का" एवढं सांगणारं हवं.

सडावाला, तुमच्याकडे तो माणूस कोण?

---

दीड वॅट | मंगळवार, दुपारी २.०५

नेट जाऊच दे, मी म्हणतो लोरा लावा, कमी विजेवर लांब निरोप पाठवणारा रेडिओ! ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ आपल्याकडे विनापरवाना आहे. एवढंसं यंत्र, मोबाइलच्या बॅटरीवर कित्येक दिवस चालतं, डोंगरावरून पन्नास किलोमीटरही जातं. मी सिंहगडावरून पुण्यातल्या मित्राशी लेखी गप्पा मारल्यात.

---

खडूफळा | मंगळवार, दुपारी २.२०

त्यावर पोषण आहाराचा फोटो जाईल का?

---

दीड वॅट | मंगळवार, दुपारी २.२२

नाही. 😐 सेकंदाला किलोबिटभर जातं. फोटो पाठवेपर्यंत खिचडीला बुरशी येईल.

पण निरोप जातील! साप चावला, लाँच पाठवा, एवढं जाईल. पावसात मोठा दुवा पडला तर हे चालू राहील.

---

कोयनाकाठ | मंगळवार, सायंकाळी ७.४५

मी बामणोलीकडचा. दीड वॅट यांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. पावसाळ्यात वारा सुटला की लाँच बंद. माझ्या चुलतीला कळा सुरू झाल्या तेव्हा पोरगा रेंजसाठी पाऊस झेलत पाऊण तास कातळावर उभा होता. लाँचवाल्याला एक ओळीचा निरोप पोचला असता तरी खूप होतं. (बाळ-बाळंतीण सुखरूप, पोरगं आता दहावीला आहे.)

आणि सडावाला, वनखात्याला आधी भेटा. आपला बराच पट्टा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या आत किंवा कडेला येतो. मालकीच्या जागेत, शाळेच्या छपरावर पाइप लावाल तर वेगळं आणि सड्यावर खांब रोवायला गेलात तर वेगळं.

---

भटकभवानी | मंगळवार, रात्री ९.१०

मी नेपाळमध्ये नांगी गावाला जाऊन आलेय, अन्नपूर्णेच्या बाजूला म्याग्दी जिल्ह्यात. महाबीर पुन यांचं गाव. त्यांना या कामासाठी २००७ साली मॅगसेसे मिळालं. माओवादी संघर्षाच्या काळात बिनतारी सामान नेणंच अवघड, तरी या माणसाने सुटे भाग गोळा करून सुरुवात केली. पहिल्या अँटेना तर झाडांवर बांधल्या होत्या! पोखऱ्याहून डोंगरमाथ्यावर एक टप्पा आणि तिथून गावांना फाटे. मी गेले तेव्हा याक पाळणारे खालच्या गावाशी भाव बोलत होते. माझ्या फोनला मात्र रेंज नव्हती.

काडीवाला यांना एवढंच: त्यांनी वाट बघितली असती तर आजही बघत बसले असते.

---

काडीवाला | मंगळवार, रात्री ९.३८

बरं बाई, हरलो. तरी माझा एक मुद्दा कायद्याचा आहे आणि तो काडी नाही. मित्राचं घरगुती कनेक्शन ११ किलोमीटरवर नेऊन गावाला वाटणं सेवा देणाऱ्या कंपनीच्या अटींत बसतं का?

---

बिनतारी | मंगळवार, रात्री १०.००

मुद्दा रास्त. लहरींना परवाना लागत नाही म्हणून इंटरनेट वाटायला लागत नाही असं नव्हे. मित्राने सेवादात्याला लेखी विचारावं, शाळेच्या नावे वेगळं कनेक्शन घेऊन ते त्याच्या माळावर उतरवता येतं का बघावं. गावात लोकांना वाटायचं असेल तर डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली पीएम-वाणी योजना आहे, त्यात लहान दुकानदारालाही परवान्याशिवाय वायफाय देता येतं, फक्त सेवादाता त्यात सामील हवा. आणि कोणी सुचवायच्या आधीच सांगतो, आमच्या हौशी (हॅम) रेडिओच्या पट्ट्यातून हे नेता येत नाही. तिथे इतरांची कामं वाहायला मनाई आहे.

बाकी, महाराष्ट्रात हे प्रयोग झालेत. आयआयटी मुंबईच्या 'ग्राम मार्ग' प्रकल्पाने पालघर जिल्ह्यात खामलोलीच्या आसपासचे पाडे जोडले होते, टीव्हीच्या रिकाम्या वाहिन्या वापरून. त्या लहरी लांब असतात, झाडीतून बऱ्या जातात. २०१७ मध्ये मोझिलाचं बक्षीसही मिळालं. पण तो पट्टा तुम्हाआम्हाला खुला नाही.

---

धरमशाळावासी | बुधवार, सकाळी ७.५५

धरमशाळेत एअरजल्दी नावाचं असंच जाळं आहे, माझ्या घरमालकाकडे त्याचंच नेट होतं. तिथला मुख्य शत्रू माकडं. अँटेनाला लोंबकळतात, केबल चावतात. तुमच्याकडे वानरं असतीलच. केबल पाइपच्या आतून घ्या.

---

ठोंब्या | बुधवार, सकाळी ८.१०

महाबळेश्वरची माकडं मक्याचं कणीस हातातून नेतात, डिश नेली तर नवल नाही.

---

निवृत्त तारवाला | बुधवार, सकाळी ८.४५

विजेचे दोन शब्द राहिले. रेडिओ ८ वॅट, शाळेतला राउटर ८ वॅट, दिवसाला ३८४ वॅट-तास. १२ व्होल्टला ३२ अँपिअर-तास. तुमच्याकडे जुलैत आठवडाभर सूर्य दिसत नाही. पाच दिवस धरा, १६०. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे दीडशेच्या दोन बॅटऱ्या कशाबशा पुरतात. रात्री ८ ते सकाळी ७ टायमरने बंद ठेवलेत तर जवळपास निम्म्यात भागेल. शाळा रात्री भरत नाही.

पाऊस या लहरींना फारसा अडवत नाही, दहा गिगाहर्ट्झच्या वर त्रास सुरू होतो. ओली पाने मात्र अडवतात. वळवाच्या विजांचे भय खरे. जांभ्यात अर्थिंग नीट बसत नाही, खड्डा मोठा घ्या, कोळसा-मीठ भरा, आणि घरच्या न्हाणीचे पाणी त्यात सोडा.

---

सडावाला | रविवार, रात्री १०.५०

मंडळी, उशिराबद्दल क्षमस्व. शुक्रवारी गावाला गेलो होतो, आजच परत आलो. सगळ्यांचे प्रतिसाद प्रिंट काढून नेले होते, लाँचमध्ये गुरुजींनी मोठ्याने वाचले. खिचडीवाला परिच्छेद दोनदा.

शनिवारी पाहणी केली. बरोबर मित्राच्या घरातला दाढीचा आरसा. पण मी अलीकडच्या काठाला आणि आरसा पलीकडे हवा, कारण सकाळी ऊन पूर्वेकडून येतं. म्हणून आदल्या दिवशी आरसा शाळेत पोचवला आणि सातवीतल्या एका मुलीला शिकवलं, दोन बोटांच्या फटीत समोरचा माळ धरायचा आणि कवडसा बोटांवर पाडायचा. ठरलं आठ वाजता. मी मित्राच्या माळाच्या टोकाला उभा. आठ वाजून गेले, काही नाही. पाण्यावर धुकं होतं. साडेआठला धुकं फाटलं आणि समोरच्या हिरव्या-काळ्या डोंगरात टाचणीएवढा एक ठिपका लखकन पेटला. विझला. परत पेटला. खरं सांगतो, ओरडलोच. मित्राच्या रिसॉर्टवरचे पुणेकर पाहुणे चहाचे कप घेऊन बाहेर आले.

मग तारवाला काकांचं ऐकून एकेक पाऊल मागे सरकत गेलो. साधारण १७० पावलांवर पाणी धारेखाली गेलं आणि ठिपका चालूच. पण आणखी थोडं मागे गेल्यावर ठिपका अर्धा झाला, म्हणून दहा पावलं पुढे आलो. तिथे खुणेचा दगड ठेवलाय. काका, तिथे मी जमिनीवर उभा होतो, पाइप तीन मीटरचा लावला तर धारेवर दोन मीटर मोकळीक मिळते. पण उंची वाढली की पाणी परत दिसायला लागेल ना? दिसलंच तर आणखी मागे सरकू का?

शाळेच्या बाजूला अडचण वेगळी. छपरावरून बघितलं तर रेषेत देवराईतलं जांभळाचं झाड येतं. तोडायचा प्रश्नच नाही, फांदीही नाही. गुरव म्हणाला देवीला कौल लावून बघू. मी म्हटलं नको, देवीला त्रास नको, आम्हीच सरकतो. शेजारची समाजमंदिराची इमारत चालेल, तिथून झाड डावीकडे राहतं आणि वनखात्याचाही प्रश्न येत नाही.

डोळेवाली ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: ती सातवीतली मुलगी. तिला विचारलं दिवे बघशील का, तर म्हणाली, "आणि केसरी लागला तर मी काय करायचं, तेपण शिकवा." पुढच्या वर्षी ती आठवीला बाहेरगावी जाईल, तोवर तिचा धाकटा भाऊ तयार होतोय.

---

निवृत्त तारवाला | रविवार, रात्री ११.१०

हो, पाइपाच्या टोकावरून पाणी दिसले तर आणखी मागे सरका. डोळा जिथे डिश लागणार तिथे हवा, शिडी न्या. आणि हे सगळे मे महिन्यात पाणी खाली असताना पुन्हा एकदा बघा. पाणी उतरले की आपटण्याची जागा सरकते. मला लाँचचे वेळापत्रक कळवा, गुडघे बरे असले तर मी येतो.

---

कोयनाकाठ | सोमवार, सकाळी ६.५५

काका, गुडघ्यांची चिंता नको, डोलीची सोय आहे. सडावाला, जीआय पाइप मेढ्यात घ्या, तापोळ्यात दर चढा आहे. वीस फुटी अख्खा घेऊ नका, लाँचवाला घेणार नाही. दहाचे दोन तुकडे आणि सॉकेट.